बालकाची साक्ष

न्यायालयाची इमारत मोठ्या माणसांच्या मापानें बांधलेली असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. साक्षीदाराचा कठडा, न्यायाधीशांचें उच्चासन, काळ्या डगल्यांतील वकील आणि दाराशीं उभा असलेला शिपाई हीं सारीं प्रौढ मनुष्यालाही गांगरून टाकतात. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलीला तेथें उभें करून, तिच्यावर बेतलेला प्रसंग परक्या माणसांसमोर, आणि ज्यानें तो आणला त्याच्या डोळ्यांदेखत सांगावयास लावलें, तर ती काय सांगणार? ती गप्प बसते. आणि साक्षीदार गप्प बसला कीं त्याचा लाभ आरोपीच्या पदरांत पडतो. या अडचणीवर कायद्यानें काय उपाय काढला आहे, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत तो कोणाच्या हातून अमलांत यावयाचा, याचा आज थोडा विचार करूं.

सन २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला व्यवहारांत 'पोक्सो' म्हणतात, त्याच वर्षाच्या १४ नोव्हेंबरपासून अमलांत आला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू आहे. अपराधांच्या व्याख्या व शिक्षा सांगून हा कायदा थांबत नाहीं. पीडित मुलाला कसें वागवावें हेंही तो सांगतो, आणि माझ्या मतें त्याचें खरें नावीन्य येथेंच आहे. ही कल्पना मात्र एकाएकीं उगवलेली नव्हे. गोव्यानें २००३ सालींच स्वतःचा बालकायदा करून बालकांसाठीं वेगळ्या न्यायालयाची तरतूद केली होती. आणि २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें होतें कीं, पीडित बालकाला आरोपी दिसूं नये म्हणून मध्यें पडदा असावा, व उलटतपासणींतील घटनेसंबंधीचे प्रश्न न्यायाधीशांकडे लिहून द्यावेत.

पहिली गांठ पोलिसांशीं पडते. मुलाचा जबाब त्याच्या घरीं, किंवा त्याला जेथें बरें वाटेल तेथें घ्यावा. शक्य तोंवर तो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावा. अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. आणि कोणत्याही कारणानें मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवूं नये, असें कायदा सांगतो. जबाब मुलाच्याच शब्दांत लिहावयाचा असतो. हें वाटतें तेवढें सोपें नाहीं. वऱ्हाडी बोलींत लहान मुलें शरीराच्या अवयवांना जीं नांवें देतात, तीं लिहितांना पुष्कळ लेखनिकांचा हात अडखळतो, आणि मग कागदावर एखादा जडजंबाल संस्कृत शब्द उमटतो. पुढें न्यायालयांत त्याच शब्दाचा अर्थ मुलाला विचारला, तर त्यानें काय उत्तर द्यावें? सभ्यतेपायीं सत्याचें नुकसान होण्याचा हा एक नमुना आहे. गोंड वा कोलाम कुटुंबांतील मुलासाठीं तर दुभाषाच लागतो, आणि तो पुरविण्याची तरतूदही कायद्यांत आहे.

वैद्यकीय तपासणीच्या बाबतींत वर्धा जिल्ह्याचें नांव विशेष घ्यावें लागतें. सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं स्थापन केलेलें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. तेथील न्यायवैद्यक विभागाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं अत्याचारपीडितांची तपासणी आपल्या रुग्णालयांतून किती हेळसांडीनें होते याचा सविस्तर अहवाल तयार केला, आणि त्याच्या आधारें २०१० सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें लोकहिताचा अर्ज दाखल झाला. नोंदी अपुऱ्या, तपासणारे अशिक्षित, आणि त्यांत भर म्हणून 'दोन बोटांची' म्हणून कुप्रसिद्ध असलेली ती निरर्थक चाचणी, जिनें गुन्ह्याविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. मुलीच्या शीलावर मात्र डाग लावतां येतो! २०१३ सालीं महाराष्ट्र शासनानें तपासणीची नवी नियमावली काढून ती चाचणी वगळली. पुढें २०२२ सालीं, जो डॉक्टर ती करील तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल असें सर्वोच्च न्यायालयानें बजावलें. एका खेड्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांत चिकाटीनें केलेल्या कामाचा पडसाद किती दूरवर उमटूं शकतो, हें यावरून दिसतें.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेंच करावयाची असते, आणि त्या वेळीं आई-बाप किंवा मुलाचा विश्वास असलेली दुसरी व्यक्ति जवळ असूं शकते. तांतडीचे उपचार देण्यापूर्वीं पोलिसांचें पत्र मागण्याचा डॉक्टरांना अधिकार नाहीं. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंगावर जखम नाहीं म्हणून गुन्हा घडलाच नाहीं, असें ठरत नाहीं. मुलें बहुधा उशिरां बोलतात. तोंवर खुणा बुजलेल्या असतात, आणि कित्येकदां त्या मुळांत उमटलेल्याच नसतात.

न्यायालयांतील व्यवस्था अशी. खटला बंद दाराआड चालतो. वकिलांनीं प्रश्न थेट मुलाला विचारावयाचे नसून न्यायाधीशांना द्यावयाचे, आणि न्यायाधीशांनीं ते मुलाला समजेल अशा भाषेंत विचारावयाचे. मुलाला वारंवार बोलावूं नये, मधूनमधून विसांवा द्यावा, त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवूं देऊं नयेत. आरोपीला साक्ष ऐकूं आली पाहिजे, कारण बचावाचा हक्क त्यालाही आहे. पण साक्ष देणाऱ्या मुलाला तो दिसतां कामा नये. म्हणून पडदा, एकेरी पारदर्शक कांच किंवा दूरदृश्य यंत्र यांची योजना असते. बारा वर्षांखालील मुलाला शपथ घेण्याचेंही बंधन नाहीं. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देतां आलें कीं पुरे. महाराष्ट्रांतून गेलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२२ मध्यें, अशा नाजूक साक्षीदारांसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र साक्षकेंद्रें उभारावीं असा आदेशही दिला.

तथापि खोली बांधली म्हणजे काम झालें, असें नाहीं. कायद्याचा अर्थ लावणारें मनही तयार लागतें. जानेवारी २०२१ मध्यें नागपूर खंडपीठानेंच असा निकाल दिला कीं, कपड्यांवरून झालेला स्पर्श पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाहीं. त्याच वर्षीं १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला, आणि स्पर्श कशावरून झाला याला नव्हे, तर त्यामागील लैंगिक हेतूला महत्त्व आहे असें स्पष्ट केलें. वर्ध्याचीं अपिलें याच खंडपीठाकडे जातात, हें लक्षांत घेतां हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच होता.

या साऱ्या व्यवस्थेंत मला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत उपेक्षित वाटतो तो 'साहाय्यक व्यक्ति' हा घटक. गुन्ह्याची वर्दी मिळाल्यावर पोलिसांनीं चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीला कळवावयाचें असतें. ही समिति मुलाच्या व पालकांच्या संमतीनें एक माणूस नेमूं शकते, आणि तो तपासापासून निकालापर्यंत कुटुंबाबरोबर राहतो. आष्टी किंवा कारंज्याहून मजुरी बुडवून वर्ध्याला तारखेसाठीं येणाऱ्या बापाला खटला कोठवर आला आहे हें सांगणारें कोणी नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या फेरींत तो खचतो. आरोपी बहुधा परका नसतो; शेजारी, नातलग, ओळखीचाच असतो. 'झालें गेलें विसरा' म्हणून सांगणारे दहा भेटतात. शेवटपर्यंत बरोबर चालणारा एकही नसला तर आई-बाप माघार घेतात आणि मूल साक्ष फिरवितें. ऑगस्ट २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाला या नेमणुकांविषयीं मुद्दाम आदेश द्यावे लागले, यावरून त्या किती हयगयीनें होत होत्या हें ओळखावें.

परदेशांत ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविलेली आढळते. आइसलंडनें १९९८ सालीं राजधानीच्या शहरांत 'बालगृह' काढलें. साध्या घरासारखें तें घर. तेथें एकच शिकलेला माणूस मुलाशीं बोलतो, आणि पोलीस, सरकारी वकील, आरोपीचा वकील, न्यायाधीश शेजारच्या खोलींतून ऐकतात. मुलाला एकदांच सांगावें लागतें. आपल्याकडे मूल आधीं आईला, मग कदाचित् शिक्षिकेला, मग पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना, आणि शेवटीं विशेष न्यायालयाला सांगतें. प्रत्येक सांगण्यांत थोडा फरक पडतो, आणि त्याच फरकावर बचावाची भिस्त असते. यासाठींच मुलाची साक्ष न्यायालयानें दखल घेतल्यापासून तीस दिवसांत, आणि खटला शक्य तोंवर वर्षांत संपावा असें कायदा म्हणतो. ही मुदत अनेक ठिकाणीं पाळली जात नाहीं. दहाव्या वर्षीं घडलेली गोष्ट तेराव्या वर्षीं सांगणाऱ्या मुलीची आठवण बदललेली असते, लाज वाढलेली असते.

पैशाचा प्रश्नही गौण नाहीं. अन्न, वस्त्र, प्रवास अशा तांतडीच्या गरजांसाठीं बालकल्याण समिति मदतीची शिफारस करूं शकते, आणि ती आठवड्याच्या आंत मिळावी असा २०२० चा नियम आहे. महाराष्ट्राची 'मनोधैर्य' योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू आहे. तिचा अर्ज जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जातो. निकालाची वाट न पाहतां विशेष न्यायालयही अंतरिम भरपाई देऊं शकतें.

गुन्ह्याची माहिती असून ती न कळविणें हाच एक गुन्हा आहे. ठाण्यांत जाण्याचें धाडस नसेल त्यानें १०९८ हा क्रमांक फिरवावा. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेली ही बालकांची दूरध्वनि-सेवा २०२३ पासून शासनामार्फत चालते. मात्र जें कळवावयाचें तें पोलिसांना वा या सेवेला. चावडीवर किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत नव्हे. मुलाचें नांव, छायाचित्र, शाळा, पत्ता यांपैकीं कशावरूनही त्याची ओळख पटेल असें वृत्तपत्रांत वा अन्य माध्यमांत प्रसिद्ध करणें दंडनीय आहे. आर्वी-देवळीसारख्या गांवांत नुसतें 'अमक्या पेठेंतील शिंप्याची मुलगी' एवढें छापलें, तरी सारें गांव तिला ओळखतें.