घारापुरीची एक दिवसाची सहल

गिरगांव-दादरचें कुटुंब घारापुरीस निघतें तें गेटवेच्या धक्क्यावरून. लाँच तासाभरांत बेटास लागते. सोमवारीं लेणीं बंद असतात. हें विसरणाऱ्याची खेप फुकट जाते.

मार्गदर्शक बहुधा मंडळींस थेट ‘त्रिमूर्ती’पुढें नेतो आणि ब्रह्मा, विष्णु, महेश अशी ओळख करून देतो. ही ओळख जुनी असली तरी खरी नव्हे. सहाव्या शतकांतील ती सुमारें 18 फूट उंचीची मूर्ति एकट्या सदाशिवाची आहे, असें अभ्यासक मानतात. पाहणाऱ्याच्या डावीकडील मिशाळ, क्रुद्ध मुख अघोराचें; उजवीकडील सौम्य, स्त्रीसुलभ मुख वामदेवाचें. एवढें कळल्यावर तीं मुखें पुन्हां पाहावींत. लेण्याचें खरें देवस्थान मात्र निराळेंच आहे: चार दारांचें, द्वारपालांनीं राखलेलें लिंगाचें गर्भगृह. घाईंत तेंच राहून जातें.

या सहलीचा आरंभ खरें तर शहरांतच व्हावा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलेफंटा’ म्हटलें, तो 1864 सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत भंगला. सांधलेला हत्ती आज भायखळ्यास राणीच्या बागेंत उभा आहे. आणि 1931 सालीं परळकडे रस्त्याच्या कामांत सांपडलेली त्याच काळची शिवमूर्ति बारादेवीच्या देवळांत आहे. एकाच उभ्या शिळेंतून सात शिवाकृति निघालेल्या! लालबागच्या माणसास ती पाहावयास लाँच लागत नाहीं. मात्र तेथें नेणारा मार्गदर्शक धक्क्यावर भेटत नाहीं.