झाडांना पालवी फुटायच्या आत

तुम्ही अमेरिकेच्या पूर्व भागात राहत असाल, तर एप्रिलमधल्या एखाद्या उन्हाच्या दुपारी घरामागच्या लॉनवर जरा वाकून बघा. गवतात करंगळीच्या नखाएवढी पांढरट-गुलाबी फुलं दिसली, तर ती बहुधा स्प्रिंग ब्यूटी असतील. इथल्या पहिल्या वसंतात मलाही ती दिसली होती. तण समजून मी त्यांच्यावरून सरळ मोअर फिरवला. त्यात मी नेमकं काय कापलं, हे मला नंतर कळलं.

हिचं शास्त्रीय नाव क्लेटोनिया व्हर्जिनिका. व्हर्जिनियात कोर्टाचा कारकून असलेला जॉन क्लेटन वनस्पती गोळा करायचा. त्याच्यावरून लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिलं. ओळखायला सोपी आहे: पाच पाकळ्या, प्रत्येकीवर बारीक गुलाबी रेघा, आणि दांड्यावर गवतासारख्या अरुंद पानांची एकच जोडी. उंची जेमतेम 10-15 सेंटिमीटर. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की फुलं मिटतात, म्हणून बघायला उन्हातच जायचं.

मूळची ही पानगळीच्या जंगलातली. आपल्याकडे सड्यावरची फुलं पावसाची वाट बघतात, ही उजेडाची बघते. थंडी सरल्यावर जमीन ऊबदार होते, पण वरच्या मेपल-ओकना अजून पालवी फुटलेली नसते. तेवढ्या काही आठवड्यांत ऊन थेट जमिनीवर पोचतं. पानं काढायची, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षासाठी कंदात अन्न साठवायचं, हे सगळं तिला तेवढ्यात उरकावं लागतं. वर सावली दाटली की पानं पिवळी पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत जमिनीवर काहीच उरत नाही. खाली कंद मात्र जिवंत असतो.

या घाईवर आणखी एक जीव अवलंबून आहे. अँड्रिना एरिजिनिए ही जमिनीत बीळ करून एकटी राहणारी छोटी मधमाशी आपल्या पिल्लांसाठी पराग गोळा करते तो जवळजवळ फक्त स्प्रिंग ब्यूटीचाच. तिच्या पायांवर तो गुलाबी पराग चक्क दिसतो. वर्षातून तिची एकच पिढी होते. म्हणजे एप्रिलमध्ये फुलं कापली गेली, तर त्या परिसरात तिला दुसरं काही चालत नाही.

मग काय करायचं? पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण मेअखेरपर्यंत, तेवढा तुकडा कापू नका. अख्खं लॉन वाढू देता येत नसेल, तर झाडाखालचा एक कोपरा सोडा. तणनाशक तिथे नकोच. नव्याने लावायची असेल, तर नर्सरीत वाढवलेले कंद घ्या; जंगलातून उपटून आणू नका. शरद ऋतूत, पानगळीच्या झाडाखाली, कुजलेल्या पानांच्या मातीत दोन-तीन इंच खोल लावा. शेजारी नेचे लावले, तर ही झोपल्यावर ते जागा भरून काढतात. फक्त कंद कुठे आहेत ते लक्षात ठेवा, नाहीतर जुलैमध्ये तिथेच खणाल.

मीही भाड्याच्याच घरात राहतो. घरमालकांना हे सगळं सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "कमी कापायचंय ना? मग काय हरकत आहे!"