‘आमचा संघ’ : एका षष्ठीचा विचार

क्रीडाप्रेक्षकाच्या तोंडी ‘आमचा संघ’ हा शब्दप्रयोग सहज येतो. परंतु त्यातील षष्ठी सर्वत्र एकाच अर्थाची नसते. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही फुटबॉल-संघांची नावे वस्तुतः तालमींची होत. (‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा; फुटबॉलला आश्रय मिळाला तो असा कुस्तीच्या घरी.) शाहू स्टेडियमवर ओरडणारा प्रेक्षक बहुधा त्या तालमीच्याच परिसरातला. येथील षष्ठी नात्याची आहे.

2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली व पुण्यास एफसी पुणे सिटी हा संघ लाभला. रिसोडला बसून दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यासही तो ‘आमचा’ म्हणता येऊ लागला. हा लाभ लहान नव्हे. पुढे 2019 मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो संघ बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली. बालेवाडीस नेमाने जाणाऱ्या प्रेक्षकाची संमती त्या व्यवहारास लागत नव्हती. तेथील षष्ठी मालकीची होती, आणि मालक दुसराच होता.

पैसा कोल्हापुरातही शिरला आहे. तालमींनी परदेशी खेळाडूही आणले. तथापि हरलेल्या सामन्याचा जाब तेथे तालमीच्या दारात जाऊन विचारता येतो.