काटा कशाचे तापमान सांगतो?

उन्हाळ्यात घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार आपल्याला हमखास दिसते. चालकाला विचारले तर कधीकधी चमत्कारिक उत्तर मिळते : ‘काटा आधी वर गेला, मग आपोआप खाली आला; म्हणून गाडी तशीच पुढे काढली.’ नंतर मेकॅनिक सांगतो, इंजिनाचे हेड वाकले आहे. मग काटा खोटे बोलला की काय?

तापमानदर्शक काटा इंजिनाचे तापमान मोजतच नाही. इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात बोल्टसारख्या दिसणाऱ्या एका संवेदकाचे टोक बुडलेले असते आणि त्या टोकापुरतेच तापमान काट्याला कळते. टोकात थर्मिस्टर असतो. तारेचा रोध तापल्यावर वाढतो हे आपण वर्गात शिकवतो. या अर्धवाहकाचे वागणे नेमके उलटे. एका प्रचलित प्रकारात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2500 ओहम असलेला रोध 100 अंशांना 200 च्याही खाली येतो. रोध कमी झाला की प्रवाह वाढतो आणि काटा चढतो.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळणारा असा साधा थर्मिस्टर मल्टिमीटरला जोडून गरम पाण्याच्या पेल्यात धरा. रोध झपाट्याने उतरेल. आता तो वर उचलून पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन बोटे अंतरावर धरा. पाणी तितकेच गरम आहे, पण रोध पुन्हा वाढू लागतो. घाटात हेच घडते. रबरी नळी फुटून पाणी गळाले, की संवेदकाचे टोक उघडे पडते. हवा आणि वाफ पाण्याइतकी उष्णता पोचवत नाहीत, म्हणून काटा घसरतो, आणि नेमके त्याच वेळी बिनपाण्याचे इंजिन भाजत असते. चढलेला काटा कारण नसताना एकाएकी खाली आला तर तो दिलासा नसून धोक्याची सूचना असू शकते.

याच तर्काने तारेचा दोषही ओळखता येतो. एकेरी तारेच्या जुन्या गाड्यांत तार तुटली तर रोध जणू अनंत होतो आणि काटा ‘थंड’वरच बसतो. तार गाडीच्या धातूला टेकली तर रोध शून्य. किल्ली फिरवताच, गार इंजिनावरही, काटा ‘गरम’च्या टोकाला जातो. (नव्या गाड्यांत मध्ये संगणक असतो, तिथे हा खेळ करू नये.)

आता एअर कंडिशनरकडे वळू. गाडीतल्या हवेतून काढलेली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. वारा आधी कंडेन्सरवरून जातो आणि तापूनच रेडिएटरकडे येतो. म्हणून दोघांचे दुखणे अनेकदा एकच निघते. सिग्नलला थांबल्यावर ‘एसी’ गार करीत नाही, काटाही वर सरकतो, आणि गाडी धावू लागली की दोन्ही ठीक होते. तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. उलट गावात ठीक पण वेगात किंवा चढावर तापणारी गाडी असेल, तर वाऱ्यापेक्षा पाण्याचा प्रवाह अपुरा असण्याची शक्यता जास्त : अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, नाहीतर आतून चोंदलेला रेडिएटर. अनेक गाड्यांत इंजिन फार तापले की संगणक काँप्रेसर बंद करतो. नव्या गाड्यांचा काटा तर किरकोळ चढउतार न दाखवता मध्यावर स्थिर राहील असाच ठेवलेला असतो. तिथे ‘एसी’ने अचानक गरम वारा सोडणे ही खुणेची गोष्ट ठरू शकते. लोक मात्र गॅस भरून घ्यायला धावतात!

अशा वेळी ‘एसी’ बंद करून हीटर पूर्ण उघडावा आणि गाडी कडेला घ्यावी. हीटर म्हणजे इंजिनाच्याच पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. तो थोडी उष्णता काढून नेतो. शिवाय तो चाचणीही करतो. काटा वर असून हीटरचा वारा गार येत असेल, तर पाणी तिथवर पोचत नाही, म्हणजे ते संपले आहे किंवा पंप फिरवत नाही. मग इंजिन लगेच बंद करावे.

रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नये. ते प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते : आत सुमारे एक वातावरण जादा दाब राखते, त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो. समजा एक किलो पाणी 115 अंशांवर होते. ते 100 वर येताना 15 × 4.2 = 63 किलोज्यूल उष्णता सुटते, आणि वाफेचा अप्रकट उष्मा किलोला सुमारे 2260 किलोज्यूल धरला तर 28 ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. ती सुमारे 47 लिटर जागा मागते आणि उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.