सन्याशांच्या मठातून हिटलरच्या जर्मनीत!

‘इतिहास शिकून काय करशीन बाप्पा? पोट भरन काय त्यानं?’

बारावीनंतर मोठे बाबांनी टाकलेला हा गुगली. स्थळ : आमचं घर, जुने शहर, अकोला. मोर्णेच्या पलीकडचं, असदगड किल्ल्याचं आणि राजराजेश्वराचं अकोला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकाट इंजिनीअरिंग केलं आणि आता पुण्यात एसीत बसून एक्सेल शीट भरतो.

गंमत म्हणजे इतिहासाची चटक लावली ती मोठे बाबांनीच. त्यांच्या कपाटात वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ होतं. दहावीच्या सुट्टीत मी ते झपाटल्यासारखं वाचून काढलं. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. हे सगळं चाललं होतं तेव्हा बाकीचे लोक काय करत होते? शिक्षक, शेतकरी, ऑफिसातले कारकून... म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे?

पुढे कळलं, की एका माणसानं अख्खं करिअर या प्रश्नावर केलंय. त्याचं नाव इयान कर्शॉ.

तिशीत ट्रॅक बदलला

कर्शॉ यांचा जन्म १९४३चा, इंग्लंडमधल्या ओल्डहॅम या गिरण्यांच्या गावातला. आणि बॉस, हा माणूस मुळात मध्ययुगाचा अभ्यासक! उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टन इथल्या सन्याशांच्या मठाचा चौदाव्या शतकाच्या आसपासचा जमाखर्च, हा त्यांचा विषय. मेंढ्या किती, लोकर किती, धान्य किती. जर्मन भाषा शिकायला घेतली तीही मध्ययुगातल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी.

मग १९७२ साली बव्हेरियातल्या एका कॅफेत एक म्हातारा भेटला. गप्पा रंगल्या आणि म्हातारा खुलला. इंग्लंडनं हिटलरशी हातमिळवणी करायला हवी होती, असं तो सांगू लागला. ज्यूंबद्दलही गरळ ओकला. युद्ध संपून सत्तावीस वर्षं झाली होती! कर्शॉ हादरले. असा साधासुधा दिसणारा माणूस असा विचार करतो तरी कसा? थोड्याच वर्षांत त्यांनी मध्ययुगाला रामराम ठोकला आणि मार्टिन ब्रोझाट या जर्मन इतिहासकाराच्या बव्हेरिया प्रकल्पात दाखल झाले.

तिथं त्यांनी पोलिसांचे आणि सरकारी अधिकाऱ्यांचे गुप्त अहवाल उपसले. गावोगावचे लोक काय कुरकुरतात, याच्या त्या नोंदी. त्यातून जे निघालं ते भन्नाट होतं. १९४१ साली बव्हेरियातल्या शाळांमधून क्रूस काढायचा हुकूम निघाला, तेव्हा आया रस्त्यावर आल्या, आणि नाझी सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणजे लोक बोलू शकत होते! पण शेजारचा ज्यू गायब झाला तेव्हा? बहुतेकांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. द्वेष करणारे होतेच, पण त्यांना मोकळं रान मिळालं ते या बेफिकिरीमुळे.

साहेबांच्या मनातलं

दुसरा फंडा तर थेट आपल्या ऑफिसातला वाटेल. हिटलर प्रत्येक गोष्टीचा हुकूम काढत नव्हता, असं कर्शॉ दाखवतात. हाताखालचे लोकच साहेबांना काय आवडेल याचा अंदाज बांधून एकमेकांच्या पुढे धावत होते. कुणाला प्रमोशन हवं होतं, तर कुणाला शेजाऱ्याचं दुकान. आणि काही बिघडलं की लोक म्हणत, साहेबांना माहीत नसणार हो, खालचीच माणसं वाईट!

हे सगळं त्यांनी १९९८ आणि २००० साली आलेल्या हिटलरच्या दोन खंडी चरित्रात मांडलं. २००२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २००८ पर्यंत ते शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. पोट भरलं म्हणायचं!

आणि मी?

१३ मे २०२३ची रात्र. सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. मी पुण्यात, फोन कानाला लावून. ‘दार लावून बसलो आहो,’ आई सांगत होती.

त्याआधी कितीतरी महिने आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘ते लोक’ छापाचे मेसेज येत होते. मी एकही फॉरवर्ड केला नाही, याचा मला केवढा अभिमान! पण ‘हे खरं आहे का?’ असंही कधी विचारलं नाही. कोण उगाच वाद घालणार? म्यूट केलं आणि कामाला लागलो.

कर्शॉ यांच्या अहवालांत मला कुणी भेटलं असेल, तर तो हाच म्यूट करणारा माणूस.

गेल्या दिवाळीत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं घरी गेलो. ग्रुपवर पुन्हा एक मेसेज पडला होता. या वेळी लिहिलं : ‘हे कुठून आलं? कुणी पाहिलंय का?’ अर्धा तास सगळे चिडीचूप. मग ओसरीवरून मोठे बाबांची हाक आली. ‘कोणं लिहिलं रे हे? तूच नं?’

मी म्हटलं, हो.

ते काही बोलले नाहीत. उठले, कपाटातून कानिटकर काढले आणि माझ्या हातात दिले. ‘घेऊन जाय पुण्याले.’