फोटोखालची ओळ

उजनी काठोकाठ भरतं त्या वर्षी भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटो उशिरा दिसू लागतात. त्याचं कारण या पक्ष्याच्या जेवणात आहे. रोहित चिखलात लांब पाय रोवून उभा राहतो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांतून पाणी नि गाळ गाळून त्यातल्या अळ्या, किडे, शेवाळ टिपतो. त्याला उथळ पाणी लागतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला उपयुक्त साठा निम्म्याहूनही कमी, साधारण ५३ टीएमसी. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या आपण वाचतो. हिवाळ्यात कालव्यांना आवर्तनं सुटली, की पाणी मागे सरकतं. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी, भिगवण या इंदापूर तालुक्यातल्या गावांच्या काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मग रोहित उतरतात. पाणी भरपूर असेल, तर चिखल उशिरा उघडतो आणि पक्षीही उशिरा येतात.

आता एखाद्या हौशी छायाचित्रकाराने दरवर्षी भिगवणला जाऊन काढलेले फोटो तारखेप्रमाणे ओळीने मांडले, तर त्यांतून जलाशयाचा इतिहास वाचता येईल. पाणी कुठवर होतं, गाळपेरा कुठे केला होता, थापट्या बदकं किती आणि कोणत्या आठवड्यात होती, मासेमारीची जाळी कुठे लागली होती, हे सगळं त्या फोटोंच्या कडेला नकळत आलेलं असतं. काढणाऱ्याचं लक्ष मात्र गुलाबी पंखांवर असतं.

भिगवण पुण्यापासून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. पहाटे निघालं, की सूर्योदयाला होडीत बसता येतं. त्यामुळे गेल्या काही वर्षांत पुण्यातले नोकरदार, बारामती एमआयडीसीतले तरुण, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त मंडळी कॅमेरे घेऊन इथे येऊ लागली. गावातल्या भोई कुटुंबांतली मुलं होडी चालवता चालवता पक्षी दाखवू लागली. पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, मोरशराटी, माशावर झेपावणारा कैकर ही नावं त्यांना पाठ झाली. काठावर न्याहारी आणि दुपारी चिलापीचं कालवण-भाकरी मिळू लागली. या सगळ्यामागे फोटोंचा मोठा हात आहे. एकाने टाकलेला फोटो पाहून दुसरा आला, दुसऱ्याचा पाहून दहाजण.

पण याच फोटोंचं पुढे काय होतं, ते पाहिलं की हळहळ वाटते. रोहितांचा थवा ‘शुभ सकाळ’च्या अक्षरांखाली झाकला जातो आणि गटागटांतून फिरत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की त्याचा आकार तर आटतोच, शिवाय कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्ये नोंदवलेली तारीख, वेळ आणि जागाही गळून पडते. तिसऱ्या गटात पोचेपर्यंत तो थवा भिगवणचा, की शिवडीचा, की कच्छच्या रणातला, हे सांगणारं कोणी उरत नाही. ज्याने पहाटे तीनला उठून, थंडीत कुडकुडत तो फोटो काढला, त्याच्या कष्टांतला सर्वांत टिकाऊ भाग असा वाटेत सांडून जातो.

फोटोखाली तारीख आणि ठिकाण सांगणाऱ्या दोन ओळींची किंमत किती, याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच आहे. २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. त्यात ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती तपासली आहे. त्यासाठी वापरलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी सरकारी पथकांनी गोळा केलेल्या नव्हत्या. जवळजवळ तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी, म्हणजे बहुतेक हौशी माणसांनीच, ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर त्या भरल्या होत्या. कुठे, कधी, किती वेळ पाहिलं, काय दिसलं. फोटो सोबत जोडला तर ओळख तपासता येते, पण नोंदीचा कणा म्हणजे ती तारीख आणि ते ठिकाण. उघड्या रानात शिकार करणाऱ्या पक्ष्यांची संख्या घटते आहे, हे त्या ढिगातूनच स्पष्ट झालं. पट्टकदंबांचंही तसंच. मंगोलियात संशोधकांनी गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले हे हंस हिमालय ओलांडून भारतातल्या तळ्यांवर उतरले, तेव्हा कोणीतरी काढलेल्या फोटोत तो क्रमांक वाचता आला आणि त्या पक्ष्याचा प्रवास कळला. फोटो काढणाऱ्याने ‘सुंदर पक्षी’ एवढंच लिहून सोडून दिलं असतं, तर एवढ्या लांबचा धागा तिथेच तुटला असता.

जलाशयाच्या काठाला आणखी एक गोष्ट फोटोंमुळे नोंदली जाते आहे. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं दगडी मंदिर धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव वर सरकलं, देव नव्या जागी गेला. उजनी फार खाली गेलं, की शिखर आधी डोकावतं आणि दुष्काळी उन्हाळ्यात सगळं मंदिर कोरडं पडतं. तेव्हा कॅमेऱ्यांची रीघ लागते. पण त्या गर्दीत गावातली वयस्कर माणसंही असतात. आपलं घर कुठे होतं, जत्रा कुठवर भरायची, ते हाताने दाखवत असतात. मंदिराचे फोटो उदंड आहेत. त्या दाखवणाऱ्या हाताचे आणि तो काय सांगतो आहे याचे फार थोडे. धरणग्रस्त गावाची आठवण सांगू शकणारी पिढी आता सत्तरीपुढची आहे. कोरीव खांबांचा आणखी एक फोटो पुढच्या दुष्काळातही मिळेल. ही माणसं तेव्हा असतीलच असं नाही.

भिगवणहून बारामतीकडे वळलं, की पाण्याचा देखावा संपतो आणि दुसरा भूभाग सुरू होतो. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्यात ऊस आणला. कालव्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड जमिनीवर मात्र गवताळ माळ राहिला. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालेलं, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. शिर्सुफळचा माळ, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ, आणि त्यांच्या अधेमधे विखुरलेले गवताचे तुकडे. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, धाविक, पखुर्डी, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये: इतकं सगळं इथे राहतं आणि सरकारी नकाशात मात्र असा माळ बहुधा पडीक जमिनीत मोजला जातो. पडीक म्हटलं, की तिथे झाडं लावायची, सौर पॅनेल बसवायची किंवा कारखाना उभारायचा, असं ठरवणं सोपं जातं. या भागात हौशी छायाचित्रकारांनी केलेलं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते हेच, की त्यांनी या ‘पडीक’ जमिनीवर कोण राहतं, ते लोकांच्या डोळ्यांसमोर आणलं.

त्यातून विज्ञानालाही हातभार लागला. पुण्याजवळच्या माळांवर काही लांडग्यांचा रंग वेगळा, पिवळसर दिसतो, हे सतत माळावर फिरणाऱ्या ‘द ग्रासलँड्‌स ट्रस्ट’च्या लोकांच्या नजरेत आलं होतं. हे लांडगे, की कुत्रे, की दोघांचा संकर? पुढे बंगळुरूच्या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांसह जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ मध्ये संकराचा पुरावा प्रसिद्ध झाला. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असताना ही बाब गंभीर आहे. माळाच्या कडेला कुक्कुटपालनातल्या मेलेल्या कोंबड्या टाकल्या जातात, त्यावर भटकी कुत्री पोसतात, लांडगेही तिथेच येतात. म्हणून लांडग्याच्या फोटोत मागे कुत्रं आलं, तोंडात कोंबडी आली, तर तो फोटो ‘बिघडला’ म्हणून पुसू नये. असा फोटो आज अभ्यासकाला जास्त हवा आहे.

मात्र याच माळावर फोटोने नुकसानही झालं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. दख्खनच्या माळावर लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत जन्मतात. म्हणजे बरोबर त्याच दिवसांत, जेव्हा हवा थंड, उजेड मऊ आणि शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी असते. विवराजवळ माणसांचा वावर वाढला, की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. दुसरी जागा सुरक्षित असेलच असं नाही. एकाने पिल्लांचा फोटो टाकला, दुसऱ्याने ‘कुठे?’ विचारलं, तिसऱ्याला नकाशावरचा ठिपका गेला, आणि पुढच्या रविवारी विवरासमोर चार गाड्या. माळावर रस्ता नसतो, म्हणून गाडी कुठूनही घातली जाते. गवत दबतं, टिटवी, चंडोल, धाविक यांसारख्या जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची जागा चाकाखाली जाते. चिंकारा पळतानाचा फोटो चांगला येतो म्हणून त्याच्या मागे गाडी लावणं ही तर सरळ छळवणूक आहे. चिंकारा आणि लांडगा दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

पाण्यावरही तेच. रोहित उडाला, की पंखांखालचा गुलाबी-काळा रंग उघडा पडतो, म्हणून होडी थव्यात घालायचा आग्रह होतो. कुरव जवळ यावेत म्हणून फरसाण, घारी झेपावाव्यात म्हणून मासे फेकले जातात. नावाड्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याची रोजी गिऱ्हाईकाच्या समाधानावर आहे. ‘पक्षी उठवू नका, लांबूनच बघू’ हे गिऱ्हाईकाने म्हटलं, तर त्याचं डिझेल वाचतं आणि पक्ष्यांची न्याहारीही. होडीत बसताना अंगात जीवरक्षक जाकीट असावं, हेही इथेच सांगतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान याच जलाशयात होडी उलटून सहाजण गेले. ती प्रवासी होडी होती, पण वारा फोटोवाल्यांसाठी वेगळा वाहत नाही.

उपाय कठीण नाहीत आणि काही सुरूही झाले आहेत. वन विभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. ठरलेले रस्ते, गावातलेच वाटाडे, आधी नोंदणी. संकेतस्थळांनीही विचार केला आहे. ‘आय-नॅचरलिस्ट’वर धोक्यातल्या प्राण्याची नोंद टाकली, तर नेमकी जागा आपोआप झाकली जाते आणि इतरांना सुमारे वीस किलोमीटर लांबीरुंदीचा चौकोन तेवढा दिसतो. अभ्यासकाचं काम होतं, विवरापर्यंत गाडी पोचत नाही. हाच नियम आपण आपल्या गटांतही पाळू शकतो. लांडगा, तरस, घुबडाचं घरटं असेल, तर फोटोखाली तालुका आणि महिना पुरे. पिल्लांचे फोटो पिल्लं मोठी होऊन हिंडू लागल्यावर टाकावेत. नेमकी जागा वन विभागाला किंवा ओळखीच्या अभ्यासकाला कळवावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ठिकाण’ नोंदवण्याची सोय अनेकदा चालू असते. फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला, तर जागाही सोबत जाते. हे ठाऊक असलं, की कुठे ती राखायची आणि कुठे पुसायची ते ठरवता येतं. थापट्या बदकाच्या फोटोत ती राखावी. विवराच्या फोटोत पुसावी.

बिबट्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. उसाने बारामती-इंदापुरात बिबट्याला आडोसा दिला आणि आता कुठल्या तरी भलत्याच जिल्ह्यातला, चार वर्षांपूर्वीचा किंवा चक्क संगणकाने बनवलेला बिबट्या ‘आपल्या वस्तीजवळ’ म्हणून फिरतो. शेतकरी रात्रीचं पाणी द्यायला जायला घाबरतो, वनरक्षक उगाच धावतात, आणि खरा बिबट्या दिसल्याचा निरोप त्या गोंधळात मागे पडतो. तारीख नि गाव नसलेला बिबट्याचा फोटो पुढे पाठवू नये, एवढं प्रत्येक गटाच्या प्रमुखाने ठरवलं तरी खूप झालं.

राहता राहिली रोजची माणसं. माळावर लांडग्याची वाट बघत बसलेल्या छायाचित्रकाराच्या समोरून धनगराचा वाडा जातो: मेंढरं, घोड्यावर बांधलेला संसार, त्यावर बसलेलं पोर आणि कोंबड्या. लांडगा कोणत्या ओढ्याला आहे, कधी मेंढरू नेलं, यंदा माद्या किती, हे त्या मेंढक्याला कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात लांडगा, तरस आणि बिबट्या कुठे कुठे आहेत, याचा मोठा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा त्यांनी स्थानिक जाणकारांनाच विचारलं होतं. भिगवणच्या बाजारात पहाटे कटला, रोहू, चिलापीचे ढीग लिलावाला येतात. गळीत हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. हे सगळं पक्ष्यांच्या फोटोंच्या वाटेवरच आहे. विचारून, नाव चालेल का ते पुसून, काढलेला फोटो त्या माणसाच्या मोबाइलवर पाठवून हे काम करावं. आपला फोटो परत मिळाला, की माणूस बोलू लागतो, आणि मग फोटोखाली लिहायला खरी माहिती मिळते.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पुढे जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची. काठावरच्या शाळांतल्या मुलांकडे घरच्या मोबाइलचा कॅमेरा असतो आणि कोणता पक्षी कोणत्या बांधावर बसतो ते त्यांना माहीत असतं. पुण्याहून येणाऱ्या अनुभवी मंडळींनी पक्षी सप्ताहात एक सकाळ पाण्याऐवजी कुंभारगाव किंवा पळसदेवच्या शाळेत घालवावी. मुलांचे फोटो बघावेत, पक्षी ओळखायला मदत करावी आणि प्रत्येक फोटोखाली तारीख, गाव, पाण्याची खूण आणि आजोबा त्या पक्ष्याला काय म्हणतात, ते मुलांकडून लिहून घ्यावं.