पुतळा आणि त्याखालची पाटी

सहलीला गेलेले आमचे विद्यार्थी चौकातील पुतळा पाहतात. त्याखालची पाटी क्वचितच वाचतात. वास्तविक पुतळा कोणी व का उभारला, हे तिच्यावरूनच कळते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा ब्राँझचा पुतळा १८९५ साली उभारण्यात आला. कोल्स्टन वारला १७२१ मध्ये. मधली १७४ वर्षे शहराला त्याची उणीव भासली नव्हती! ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो पदाधिकारी होता, तिने आफ्रिकेतील हजारो माणसे जहाजांत कोंबून गुलाम म्हणून विकली. पाटीवर मात्र त्याचा सद्गुणी व सुज्ञ नगरपुत्र म्हणून गौरव. त्या व्यापाराविषयी अक्षरही नाही. खरा इतिहास सांगणारी दुसरी पाटी लावावी, असे ठरले. पण तिच्यातील शब्दांवरून वाद झाले आणि पुतळा उभा असेतो ती लागली नाही. पुढे ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी दोर बांधून पुतळा खाली ओढला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला.

पालिकेने तो बाहेर काढला. आज तो शहराच्या संग्रहालयात आहे. उभा नव्हे, आडवा. अंगावरचे रंगाचे फराटेही तसेच ठेवले आहेत.